अक्षरे मागे राहिली त्या राज्यांतराची हकीकत

श्री. ज्याचे नाव घेतल्यावाचून शहाण्याने कोणतीही कळ दाबू नये त्या विघ्नहर्त्यास नमन, आणि जिच्या मर्जीवाचून घरात वीज टिकत नाही त्या शक्तीसही नमन. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, आश्विन मासी, जे वर्तमान जाहले ते ऐकणारांनी आग्रहाने पुसिले, म्हणोन यथामती लिहिले. लिहिणारा भित्रा आहे, हे आरंभीच सांगतो, आणि ज्यांची हकीकत लिहितो त्या त्याहून भित्र्या होत्या. सबब यात शौर्य शोधू नये.

एक राज्य होते. त्याचे नाव ठावे आहे, परंतु लिहीत नाही. राज्याचा विस्तार म्हणाल तर दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे तुळस आणि कपडे वाळवायची दोरी, इतकाच. परंतु थोरल्या खोलीत खिडकीपाशी मेजावर एक कॉम्प्युटर होता, तोच या राज्याचा गड, आणि गडावर या राज्याची सारी दौलत. गडाच्या धनीण मंदाबाईसाहेब, जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांस बाराखडी शिकवता शिकवता निवृत्त जाहल्या होत्या. त्यांच्या मातुश्री हौसाबाईसाहेब, वयाने नव्वदीच्या घरात, समोरच्या पलंगावर निजून असत. दोन वर्षांमागे मातुश्रींवर अर्धांगाचा घाला पडला, उजवे अंग गेले, आणि वाचा गेली. समज तेवढी शाबूत राहिली. आता मातुश्री म्हणजे कोण, हेही सांगितले पाहिजे. पंचक्रोशीत हुमाणे घालावी तर हौसाबाईंनीच. हुमाण म्हणजे कोडे. भांगलणीच्या पातीवर, म्हणजे तण खुरपण्याच्या ओळीस, बाया बसल्या म्हणजे मातुश्री एक हुमाण टाकीत, आणि पात संपेतो बाया उत्तर शोधीत, आणि कोणासही न सापडले म्हणजे मातुश्री म्हणत, "हरला म्हणा, मग सांगती." ही हुमाणे कोठे छापली नव्हती. कांही त्यांनी आपल्या आजीकडून घेतलेली, कांही स्वतः रचलेली. मंदाबाईंनी शाळा सुटल्यावर वर्षानुवर्षे मातुश्रींच्या तोंडून ऐकोन ती कॉम्प्युटरात टंकिली, हुमाण आणि त्याखाली उत्तर, आणि फाइलीस नाव दिले आये. मग मातुश्रींची वाचा गेली, आणि त्या दिवसापासून मातुश्रींचे बोलणे जगात कोठे उरले असेल तर त्या एका फाइलीत उरले. रोज जेवण जाहल्यावर मंदाबाईंनी चार हुमाणे वाचावी आणि मातुश्रींनी डोळे मिटोन ऐकावी, असा प्रघात पडला होता.

ऐसे असता पातशहाचे फर्मान आले. पातशहा म्हणजे ज्याच्या प्रणालीच्या, अर्थात ऑपरेटिंग सिस्टिमच्या, अमलाखाली गड चाले तो; तो कोठे राहतो हे मंदाबाईंनी कधी पाहिले नव्हते. पडद्यावर एके सकाळी निळी पाटी आली की, या महिन्यापासोन जुन्या गडांचे रक्षण हुजुरातून होणार नाही, चोर आले तर तुमचे तुम्ही पाहावे, आणि तुमचा गड आमच्या नव्या कायद्यास पुरा पडत नाही, सबब नवा घ्यावा. मंदाबाईंनी पाटी मिटिली. दुसरे दिवशी पुन्हा आली. मग मंदाबाईंस भीती लागली ती लागलीच. चोर म्हणजे कैसा, तो दारातून येतो की तारेतून, आणि आला तर हुमाणे नेतो की काय, हे पुसावे कोणास? त्यांनी तीन दिवस कॉम्प्युटरवर कापड टाकिले, आणि मातुश्रींस रोज तीच ती चार हुमाणे तोंडानेच सांगितली. परंतु कापड टाकल्याने चोर फिरतो ऐसे कोठे आहे? मांजर डोळे मिटोन दूध पिते, तैसे ते जाहले.

शेजारी दिगंबरपंत खटावकर म्हणोन निवृत्त पोस्टमास्तर राहत. हे गृहस्थ दिलाचे मोठे, बोलण्यात खात्रीचे, आणि ज्ञानाने बेताचे. यांनी गेल्या साली आपला कॉम्प्युटर पातशाहीतून काढोन मोकळ्या राज्यात, म्हणजे कोणा एका मालकाची नव्हे ऐशा प्रणालीत, नेला होता, आणि तेव्हांपासून गावात दुसऱ्या विषयावर बोलत नसत. त्या मोकळ्या राज्याच्या निशाणावर काळापांढरा पक्षी, ज्यास पंख असोन उडता येत नाही. मंदाबाईंस तो शकुन बरा वाटला नाही.

"फुकट आहे म्हणता. फुकट कोण देतं हो, मास्तर?" मंदाबाई बोलिल्या.

"फुकट नव्हे बाई, मोकळं. गावकीची विहीर असते ना, तसं. जगभरची माणसं गाळ काढतात, आपण पाणी भरायचं. कुणी मालक येऊन तुमची घागर हिसकावत नाही."

"आणि विहिरीत पडले तर?"

"मी आहे ना काठाला," पंत बोलिले. ज्याच्या बळावर आपण विहिरीत उतरतो त्यास पोहता येते की नाही हे आधी पुसावे. मंदाबाईंनी पुसिले नाही, कारण भित्रा मनुष्य सल्ला देणाऱ्याचा आवाज पाहतो.

मग मसलत ठरली. आधी दौलत हलवावी, मग गड पाडोन नवा बांधावा. पंतांनी बोटाएवढा पेनड्राइव्ह आणिला, आणि आये नामे फाइल त्यात उतरविली, आणि मंदाबाईंच्या समाधानास्तव तेथेच उघडोनही दाखविली. एकूण एक हुमाण जागेवर, काना मात्रा शाबूत. तरी मंदाबाईंचे मन मानेना. त्यांनी पुसिले, "आणखी काही न्यायचं राहिलं नाही ना?"

"राहायचं काय? फाइल नेली म्हणजे सगळं आलं. अक्षरं काय वेगळी बांधून न्यायची असतात?" ऐसे म्हणोन पंत हसले, आणि मंदाबाईही हसल्या. जन्मभर ज्यांनी मुलांस अक्षरे शिकविली आणि जन्मभर ज्यांनी अक्षरे गावोगाव पोचविली, ते दोघे त्या शब्दावर हसले, हे ध्यानी ठेवावे. मंदाबाईंनी पेनड्राइव्ह पदराच्या टोकास गाठ मारोन बांधिला, आणि गाठ वारंवार चाचपू लागल्या.

पुढे सोमवारी सकाळी देवपूजा आटोपोन, मातुश्रींस भात भरवोन, गडास हात घातला. पंतांनी आपला दुसरा पेनड्राइव्ह लाविला, ज्यात मोकळ्या राज्याचे सारे सैन्य मावले होते, आणि कळा दाबिल्या. पडद्यावर प्रश्नांमागून प्रश्न आले. भाषा कोणती? मराठी. मुलूख कोणता? तो सांगितला. परवलीचा शब्द काय ठेवावा? यावर पंतांनी अदबीने भिंतीकडे तोंड केले आणि मंदाबाईंनी तो ठेविला. मग एक प्रश्न ऐसा आला की, या डिस्कवरील सर्व काही पुसले जाईल, ते परत मिळणार नाही, पुढे जावयाचे काय? सर्व काही हा शब्द वाचिला मात्र, मंदाबाईंचा हात उंदरावरून, म्हणजे माऊसवरून, खाली आला.

"मास्तर, सर्व काही म्हणतंय."

"म्हणणारच. घर पाडल्याशिवाय घर बांधतात का?"

"पण आयेचं सगळं त्यात आहे हो."

"तुमच्या पदराला आहे, बाई. गाठ बघा."

मंदाबाईंनी गाठ पाहिली, मग पलंगाकडे पाहिले. मातुश्री टक लावोन पाहत होत्या. त्यांस काय कळले आणि काय नाही हे कळावयास मार्ग नव्हता. मंदाबाईंच्या मनात आले की, आपण आत्ता कळ दाबिली आणि कांही विपरीत जाहले, तर आयेने जन्मभर जे सांगितले ते आपल्या एका बोटाने जाईल, आणि तिजला पुन्हा सांग म्हणावयाची सोय नाही, आणि ती आपणास रागेही भरू शकणार नाही. या शेवटल्या गोष्टीचे भय सर्वांत मोठे होते.  मग पंत म्हणाले, "दाबू का मी?" तेव्हां मंदाबाई म्हणाल्या, "नको. जे व्हायचं ते माझ्या हातनं होऊ द्या." आणि डोळे मिटोन कळ दाबिली.

मग पडदा काळा जाहला, आणि काळ्यावर पांढरी अक्षरे मुंग्यांची रांग जावी तैसी वर जाऊ लागली, आणि त्यांतले एकही वाक्य कोणास वाचता येईना. पंत खात्रीने म्हणाले, "हे असंच असतं," परंतु त्यांचा आवाज उतरला होता, कारण त्यांच्या घरी हे काम त्यांच्या भाच्याने केले होते आणि ते त्या वेळी चहा करीत होते, हे त्यांनी आजवर कोणास सांगितले नव्हते. दोघेही खुर्चीच्या कडेस बसोन राहिले. बऱ्याच वेळाने काळोख हटला, आणि पडद्यावर डोंगराचे चित्र आले, आणि मराठीत लिहिले होते की, स्वागत असो. परवलीचा शब्द दिला, द्वार उघडले. पंतांनी टाळी वाजविली, मंदाबाईंनी चहा ठेविला, मातुश्रींच्या तोंडात साखर घातली, आणि राज्यात क्षणभर आनंद जाहला.

चहा घेऊन मंदाबाईंनी पदराची गाठ सोडिली, पेनड्राइव्ह लाविला, आणि आये फाइल उघडिली.

फाइलीत मराठी नव्हती. पानोपान इंग्रजी अक्षरांचा चिवडा, मध्ये टिंबे, कंस, टोप्या, अर्ध्या काड्या, आणि कोणत्याही भाषेत ज्यास अर्थ नाही ऐसे शब्द. मंदाबाईंनी फाइल मिटोन पुन्हा उघडिली. तेच. खाली गेल्या, वर आल्या. तेच. पंतांनी चष्मा पुसोन पाहिले, आणि पेनड्राइव्ह काढोन, फुंकर मारोन, पुन्हा लाविला. तेच.  जुना गड पाडिला होता. परत जावयास वाट नव्हती. वर्षानुवर्षांची दौलत पदरास बांधोन आणिली, ती गाठीतच सडोन गेली, ऐसे त्यांस वाटले.  त्यांनी पडद्याची दिशा फिरविली, पलंगावरून दिसू नये म्हणोन.

जेवणे जाहली आणि वाचावयाची वेळ आली. मातुश्रींनी डाव्या हाताने मेजाकडे खूण केली. मंदाबाई खुर्चीवर बसल्या, चिवड्यावर नजर लाविली, आणि आठवणीने म्हणू लागल्या, "तिघं भाऊ फडावर बसल्यात, मधी जाळ, डोस्क्यावर एकच पागुटं." मग, "पोटात दात, डोक्यात खुट्टा, समद्यांचं खाती नि ऱ्हाती उपाशी." एक चूल, एक जाते, ही घरोघर ठाऊक असलेली. आणखी दोन कशीबशी म्हणाल्या, आणि मग मनात पाहतात तो पुढे रिकामे. एवढी शेकड्याने हुमाणे आपण टंकिली आणि टंकिली म्हणोनच विसरलो, हे त्यांस त्या घटकेस कळले. मातुश्रींनी एक डोळा उघडोन लेकीकडे पाहिले. लेकीने हसोन दाखविले. ऐसे हसणे आईपासोन लपत नाही.

इकडे पंतांस अन्न गोड लागेना. त्यांनी मोकळ्या राज्याच्या चावडीवर, म्हणजे जेथे परस्परांस मदत करणारे लोक लिहितात त्या ठिकाणी, सारी हकीकत लिहिली, आपली चूकही लिहिली, आणि गयावया केली. चावडीवर त्यांस दोघांनी मूर्ख ठरविले, एकाने आधी वाचोन मग पुसत जा म्हणोन सुनावले, आणि चवथ्या उत्तरात रेहाना शिकलगार नामे बाईने आपला नंबर दिला. ही बाई दूरच्या शहरी बँकेत नोकरी करी, आणि फावल्या वेळी मराठी अक्षरांचे काम विनामूल्य करी. दुसरे दिवशी दुपारी फोन लागला. फोन पंतांनी धरिला.

"ताई, आधी एक ऐका. तुमचं काहीच पुसलं गेलेलं नाही," रेहाना बोलिल्या. "तुम्ही जे लिहिलंय ते जसंच्या तसं आहे."

"अहो, मराठीचं एक अक्षर नाही त्यात."

"ते कधी नव्हतंच, ताई. जुन्या पद्धतीत तुम्ही क दाबला की कॉम्प्युटर आत इंग्रजी खूण ठेवायचा आणि वर मराठीचा अंगरखा चढवायचा. अंगरखा म्हणजे फॉन्ट. तो जुन्या मशीनमध्ये राहिला. उघडी अक्षरं तेवढी तुमच्याबरोबर आली."

 मंदाबाई हळू पुसत्या जाहल्या, "म्हणजे इतकी वर्षं मी मराठी लिहीतच नव्हते?"

"तुम्ही लिहीत होता. तो लिहीत नव्हता," रेहाना बोलिल्या. हे उत्तर मंदाबाईंनी पुढे अनेकांस सांगितले. "फाइल पाठवा. मी खऱ्या मराठीत फिरवून देते. पण ताई, मास्तरांनी चावडीवर टाकलेल्या पानात उत्तरं वेगळ्या फॉन्टात दिसतायत, तो कुठला?"

तेव्हां मंदाबाईंनी सांगितले, आणि सांगता सांगता जीव अर्धा जाहला. हुमाण साध्या अक्षरात, परंतु उत्तर म्हणजे मानाचे, म्हणोन ते त्यांनी लग्नपत्रिकेच्या वेलबुट्टीच्या अक्षरात टंकिले होते. तो फॉन्ट कोण्या छापखान्यातोन आलेला. छापखाना बंद पडोन कैक वर्षे लोटली. रेहाना म्हणाल्या की, त्या अक्षरांची किल्ली कोणाजवळ नाही, मी शोधीन, परंतु भरवसा देत नाही. जी उत्तरे ठाऊक असतील ती तुम्हीच भरावी.

तिसरे दिवशी फाइल परत आली. मंदाबाईंनी देवास हळदकुंकू वाहिले आणि मग उघडिली. पाहतात तो मातुश्रींचे बोलणे पानोपान मराठीत उभे, आणि प्रत्येकाखाली उत्तराच्या जागी चिवडा. सारे गाव परत आले आणि घरोघर दाराला कुलूप, तैसे ते दिसले. मग मंदाबाई कामास लागल्या. हुमाण वाचावे, उत्तर सुचेल ते मोठ्याने म्हणावे, आणि पलंगाकडे पाहावे. मातुश्रींनी डावा हात उचलिला की बरोबर, बोट हालविले की चूक. शाळेत जन्मभर पुसणारी आता सांगू लागली, आणि पलंगावरची परीक्षा घेऊ लागली. बरीच उत्तरे सुचली, कांही पंतांस सुचली, कांहींत मातुश्रींनी खिडकीकडे, पायाकडे, पाण्याच्या माठाकडे बोट केले आणि निभावले. आठवडा ऐसा गेला. परंतु या आठवड्यात मंदाबाईंच्या ध्यानी आले की मातुश्रींचा हात सकाळी जितका उचलतो तितका दुपारी उचलत नाही, आणि काल जितका उचलला तितका आज नाही. तेव्हां चोराचे, पातशहाचे, काळ्या पडद्याचे सारे भय मागे पडोन हे एकच पुढे उभे राहिले. त्या घाईने वाचू लागल्या, आणि घाई दिसू नये म्हणोन मध्ये पाणी पिऊ लागल्या.

शेवटास एक हुमाण उरले. मातुश्रींची वाचा जाण्याच्या आधले सालीचे, गडबडीत टंकिलेले, म्हणोन उत्तराची आठवणही नाही. ते ऐसे, यात सोपा म्हणजे घराची पुढली ओसरी:

"वल्ल्या सोप्यातली लेक, म्हायेर सोडत न्हाई;
सासर गावभर तिचं, पाऊल टाकत न्हाई."

मंदाबाईंनी उंबरा म्हणोन पाहिले. बोट हालले. कासव, विहीर, माठातली मासळी, पाटा. बोट हालले. पंतांनी वीज म्हणोन पाहिले, तेव्हां मातुश्रींनी त्यांकडे पाहिलेही नाही. पंत खजील होऊन उठोन गेले. मंदाबाईंनी ते पुन्हा वाचिले, आणि लेक या शब्दाशी थांबल्या. त्यांचे लग्न जाहले नव्हते. दोन स्थळे आली, परत गेली, आणि आईस एकटे कैसे टाकावे म्हणोन त्यांनीही पुढे मनावर घेतले नाही, आणि गावातल्या दर मुलाच्या बाई होऊन या दोन खोल्यांतच राहिल्या. ही गोष्ट मायलेकी कधी बोलल्या नव्हत्या.

"आये," त्या बोलिल्या, "मी का गं ती?"

मातुश्रींचे डोळे भरोन आले. त्यांनी बोट हालविले, जोराने हालविले, आणि मान हालविली, जी कैक महिने हालली नव्हती. मग त्यांनी तोंड उघडिले. मोठ्या कष्टाने ओठांच्या कडेतून जीभ बाहेर काढिली, एका अंगास वाकडी गेलेली.

मंदाबाईंस वाटले तहान लागली. त्यांनी भांडे आणोन ओठास लाविले. मातुश्रींनी डाव्या हाताने भांडे लोटिले, पाणी अंथरुणावर सांडले. मंदाबाई घाबऱ्या जाहल्या, झटका आला की काय म्हणोन पंतांस हाक मारावयास दाराकडे धावल्या, आणि उंबऱ्याशी मागे वळोन पाहतात तो मातुश्रींनी पुन्हा जीभ काढिली होती, आणि डाव्या हाताचे बोट तिजकडे लाविले होते, आणि डोळ्यांत तो जुना भाव होता, जो पातीवरल्या बाया हरल्या म्हणजे येई.

मंदाबाई दारातच खाली बसल्या. मग बोलिल्या, "हरले, आये. जीभ."

मातुश्रींनी हात उचलिला. तो थोडाच वर आला, परंतु आला. मग मंदाबाई उठोन मेजापाशी गेल्या, चिवडा पुसिला, आणि त्या जागी साध्या अक्षरांत दोन अक्षरी ते उत्तर लिहिले, आणि फाइल पेनड्राइव्हात, पंतांच्या घरी, आणि रेहानाबाईंकडे, तिन्ही ठिकाणी पाठविली, अंगरख्यासहित.

येणेप्रमाणे राज्यांतर जाहले. गड मोकळा जाहला, ग्रंथ खऱ्या अक्षरांत आला, पंतांनी सल्ला देणे कांही काळ सोडिले. मातुश्रींचे शेवटले उत्तर त्यांच्या तोंडूनच मिळाले. कार्तिक शुद्ध पंचमीस त्या गेल्या. मंदाबाई रोज जेवणानंतर चार हुमाणे मोठ्याने वाचतात, आणि उत्तर सांगण्याआधी थोडे थांबतात. इति.